हुमादी फुंदीचा जाळ

कोनीजू गावात हुमादी कुणाच्या अंगणात शिरला की आतून हाक यायची, "चूल झाका गं, फुंदी आला." हसण्यावारी म्हणत, पण त्यात खोटे काही नव्हते. बसायच्या आधी तो चुलीपाशी वाकायचा आणि भांड्याखालचे एक लाकूड मागे ओढायचा. कसावा दोन लाकडांवर शिजतो, मग तिसरे कशाला, असे त्याला वाटे. बोलून दाखवत नसे. लाकूड ओढून, राखेत विझवून, भिंतीला टेकवून ठेवी आणि मग चहाला हात लावी.

हातात कसब असलेल्या माणसाला अंजुआन बेटावर फुंदी म्हणतात. मदरशात शिकवणाराही फुंदी, होडी बांधणाराही फुंदी. हुमादी जाळाचा फुंदी होता. इलांगच्या फुलांचे तेल काढायच्या हंड्याखाली जाळ राखणे, हेच त्याने जन्मभर केले.

काम दिसायला सोपे आहे. बायका पहाटे फुले खुडतात. ऊन चढायच्या आत ती हंड्यात पडली पाहिजेत, नाहीतर पाकळ्या काळ्या पडतात आणि तेलाला कुजका वास लागतो. हंडा लागला की दिवस आणि रात्र जाळ चालू ठेवायचा. सुरुवातीला उतरते ते उंची तेल, अत्तरवाले त्यासाठीच येतात. नंतरचे हलके, साबणाच्या कामाचे. जाळ चढला तर फूल बुडाला लागते आणि तेल धुरकटते. जाळ पडला तर वाफ नळीपर्यंत पोहोचतच नाही.

लाकूड कमी जाळायचे तर मेहनत जास्त लागते. ज्याने भट्टी सांभाळलेली नाही त्याला हे पटत नाही. ओले ओंडके कोंबायला काही लागत नाही. कोंबले की झोपता येते. पण तेच ओंडके चिरायचे, वाळवायचे, उलटेपालटे करायचे, भट्टीच्या तोंडाशी बसून एकेक फाटी आत सारायची, धग बाहेर पडते ती भेग चिखलाने लिंपायची, यात माणसाची पाठ जाते. हुमादीची गेली होती. तो थोडा उजवीकडे झुकून चालायचा.

हे तो शिकला कंपनीच्या मळ्यात, मामाच्या हाताखाली. कंपनी सोमवारी आठवड्याचे सरपण मोजून द्यायची. मध्येच संपले तर भट्टीवाल्याने आपल्या घरून, आपल्या डोक्यावरून आणायचे. मामा त्याला डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, "हंडा काय म्हणतोय?" पाणी नीट उकळत असेल तर तांबे घुमते. जास्त झाले तर खडखडते. हुमादीला आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. त्या मळ्यात एक रीत होती. नवा हंडा आला की तो सगळ्यांत नीट काम राखणाऱ्याला मिळायचा. एकदा मामाला मिळाला. मामाने त्या दिवशी बकरा कापला. ज्याला जुने सांभाळता येते त्यालाच नवे द्यायचे, हे हुमादीच्या डोक्यात तेव्हा बसले ते बसलेच.

पुढे कंपनी उठून गेली. एक हंडा सैंदूच्या बापाने घेतला आणि कोनीजूच्या ओढ्याकाठी बसवला. हुमादी हंड्यापाठोपाठ आला. बाप गेला, सैंदू मालक झाला, हुमादी म्हातारा झाला. भट्टी तीच राहिली. मातीची, दोन्ही बाजूंनी उघडी.

डोंगर मात्र तो राहिला नाही. आंब्याची, फणसाची झाडे हंड्याखाली गेली. ओढा उन्हाळ्यात इतका बारीक व्हायचा की नळी थंड करायच्या टाकीला पाणी पुरायचे नाही. आता लाकूड मिळायचे ते वर, ढग टेकतात त्या कड्यावर. तिथून माणूस ओंडका पाठीला बांधून उतरतो, आणि वाट कसली, नुसती घसरण. आदल्या पावसाळ्यात एक लाकूडतोड्या ओंडक्यासकट खाली आला. ओंडका विकला गेला. माणूस पुरला.

कड्यावर जाणाऱ्यांत हुमादीचा जावई शान्फी होता.

इथे बाप मुलीसाठी घर बांधतो आणि नवरा त्या घरात राहायला येतो. घरजावई म्हणून कुणी हिणवत नाही, कारण सगळेच घरजावई. हुमादीने आपल्या मुलीसाठी, झालिहातासाठी, भट्टीतून घरी आल्यावर, शुक्रवारी, सणाला, एकेक भिंत करत घर उभे केले. त्या घरात शान्फी आला. हसरा, चपळ, सासऱ्याची टिंगल करणारा. झालिहाताला दिवस गेले तेव्हा तो कड्यावरून उतरताना दोनदा पडला होता. दुसऱ्यांदा खांदा निखळला.

"बाबा, मी आता ठरवलंय," तो हुमादीला म्हणाला. खांदा झालिहाता चोळत होती. "हे काम मी नाही करणार. पलीकडे मायोतला जातो."

"होडीनं?"

"नाहीतर काय, विमानानं? राजा आहे का मी?"

झालिहाता चोळायची थांबली. मायोत बेट इथून दिसते, ते परक्या सरकारचे, तिथे मजुरी चांगली मिळते. पण परवान्याशिवाय जायचे ते मासेमारीच्या उघड्या होडीत, माणसावर माणूस बसून. कोनीजूत पाच घरे अशी होती जिथले माणूस निघाले आणि पोहोचले नाही.

"सैंदूकडं नवी भट्टी येणार म्हणतात," हुमादी म्हणाला. "झाकलेली, धुराडं असलेली. लाकूड निम्मं लागतं. मग कडा चढायला नको. आपल्या इथल्या छाटणीवर भागेल. तू माझ्याजवळ बस, मी शिकवतो. मी किती दिवस पुरणार?"

शान्फीने बायकोकडे पाहिले. "भट्टी आली तर थांबतो," तो म्हणाला. "पण दिवसभर तुमच्याजवळ बसायचं म्हणजे... होडीच बरी."

झालिहाताने त्याच्या दुखऱ्या खांद्यावर चापट मारली. तिघे हसले. गोष्ट ठरली.

महिन्याभराने मोइनेशा आली. राजधानीतल्या एका संस्थेची बाई. इथलीच, दुसऱ्या बेटावरची, डोक्यावर शाल, पायांत चिखलाचे बूट. भट्टीसमोर चटया टाकल्या, मशिदीतली वडीलधारी मंडळी येऊन बसली. तिने सरळ सांगितले. लाकूड कमी जळले की धूर कमी. न निघालेल्या धुराला परदेशात गिऱ्हाईक आहे. त्या पैशांतून भट्ट्या बांधायच्या.

"म्हणजे माझ्या भट्टीतून न निघालेला धूर तुम्ही विकणार," सैंदू म्हणाला.

"हो."

"जो नाहीच."

"जो नाही, तोच."

"बाई, मी तेल विकतो. बाटलीत काही नसेल तर गिऱ्हाईक तीच बाटली माझ्या डोक्यात घालतं."

मंडळी हसली. मोइनेशाही हसली. "म्हणून तर मोजायचं. आणि एकट्या कोनीजूचं कुणी घेत नाही. पडताळायला बाहेरून माणूस येतो, त्याचं येणंजाणंच तुमच्या धुराहून महाग. म्हणून आपल्या भट्ट्या, साओ तोमेतल्या कोको वाळवायच्या चुली, केप व्हर्दमधल्या पवनचक्क्या, मालदीवमधले सौर पंप, असं छोट्या छोट्या बेटांवरचं छोटं छोटं काम एकत्र बांधायचं. सगळ्यांना मिळून एक तपासणी."

"मोळी," हुमादी म्हणाला.

"हो फुंदी, मोळीच. एक काटकी बाजारात कुणी घेत नाही."

मग तिने अट सांगितली. आधी जुन्या भट्टीवर किती लाकूड जाते ते तोलायचे. नवीवर किती जाते ते माहीत आहे. मधला फरक हा विकायचा माल. फरक निम्म्याहून कमी भरला तर ती भट्टी मोळीत बसत नाही.

हुमादीने सगळे ऐकले. शब्द न् शब्द कळला. पण घरी जाताना त्याच्या मनात चालले होते ते कंपनीच्या मळ्यातले. पाहुणे भट्टी बघायला येणार. ती कोण कशी राखतो ते बघणार. ज्याला राखता येते त्याला नवी देणार. यापलीकडे त्याचा विचार गेला नाही. जन्मभर जे खरे ठरले होते, त्याच्या उलटे काही असू शकते असे त्याच्या मनातही आले नाही.

तो तयारीला लागला. आपल्या घरामागे पावसापासून झाकून ठेवलेले सरपण त्याने काढले. दोन वर्षे वाळलेले, खणखण वाजणारे. ते शान्फीकडून मनगटाएवढे चिरून घेतले. जाडीला इकडेतिकडे झालेली फाटी तो बाजूला टाकायचा. भट्टीच्या भेगा वारुळाच्या मातीने लिंपल्या. मागची बाजू केळीच्या खुंटांनी आणि ओल्या चिखलाने बंद केली. तोंडाला पत्र्याचे झाकण बसवले, हवा हवी तेवढीच जावी म्हणून.

"बाबा, पाहुणे लाकूड तोलायला येतायत," शान्फी कुऱ्हाड टेकवून म्हणाला. "सोयरीक जुळवायला नाही."

"तू चीर."

"रोज असतं तसं असू द्या की. रात्री तुमच्या हाताखालचा आंकीली दोन ओंडके कोंबून घोरत पडतो. तेच बघू द्या त्यांना."

"आणि काय म्हणतील? कोनीजूत भट्टी राखता येत नाही म्हणतील?"

शान्फीने खांदे उडवले आणि पुढचा ओंडका घेतला. चांगला चिरायचा तो.

मोइनेशाची माणसे तोलकाटा घेऊन आली. तीन हंडे मोजायचे ठरले. एरवी हुमादी उंची तेल उतरेपर्यंत बसायचा आणि पुढचे काम आंकीलीवर सोडून घरी जायचा. या वेळी तो उठला नाही. आंकीली यायचा, "फुंदी, तू जा," म्हणायचा, आणि हुमादी मान हलवायचा. जेवण झालिहाता तिथेच आणून द्यायची. हंड्याकडे कान देऊन, डोळे मिटून तो ऐकत बसे, आणि हात पुढे करून एक फाटी आत सारी. राख भुरभुरीत, पांढरी, टोपलीभरसुद्धा नाही. धुराची रेघ इतकी बारीक की ओढ्यापलीकडच्या बायकांनी विचारले, आज भट्टी बंद का?

तिसरा हंडा उतरला तेव्हा सकाळ होती. मंडळी जमली होती. तोलणाऱ्याने उरलेले लाकूड पुन्हा तोलले आणि मोइनेशाकडे पाहिले. तिने कागद पाहिला, भट्टी पाहिली, लिंपलेल्या भेगांवरून बोट फिरवले.

"फुंदी," ती म्हणाली, "रोज असंच जाळता?"

तिने विचारले ते चांगल्या मनाने. उत्तरासाठी थांबलीही. आंकीली पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. सैंदू होता, मशिदीतले म्हातारे होते. नाही म्हणायचे म्हणजे सगळ्यांसमोर आंकीलीची अब्रू काढायची, सैंदूची काढायची आणि आपण पाहुण्यांना देखावा दाखवला असे कबूल करायचे.

"रोज असंच," हुमादी म्हणाला.

"नक्की? रात्रीसुद्धा?"

"जाळाला दिवसरात्र कळत नाही, पोरी."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सैंदू म्हणाला, "आमचा फुंदी आहे तो." आणि मोइनेशाने लिहून घेतले.

शान्फी मागे उभा होता. संध्याकाळी जेवताना त्याने विचारले, "बाबा, तुम्ही रोज म्हणालात?"

"मी रोज असंच जाळतो."

"तुम्ही जाळता," शान्फी म्हणाला आणि माशाचा काटा काढत राहिला.

निकाल सांगायला मोइनेशा स्वतः आली. फोनवर सांगता आले असते, पण आली. त्याच चटयांवर बसली, आणलेला चहा प्याली.

"कोनीजू बसत नाही," ती म्हणाली. "तुमची जुनी भट्टी जेवढं खाते, जवळजवळ तेवढंच दुसऱ्या गावांतल्या नव्या भट्ट्या खातात. नवी बांधून तुमचं लाकूड पाव हिस्साही वाचत नाही. मोळी बांधून झाली, पाठवली."

"झिवानीचं काय झालं?" कुणीतरी विचारले. झिवानी पलीकडच्या खोऱ्यातले गाव. तिथला भट्टीवाला ओंडके कोंबून मासे धरायला जातो, हे सगळ्यांना माहीत.

"झिवानीला मिळाली."

सैंदूने कप खाली ठेवला. "म्हणजे आम्ही आळशी असतो तर भट्टी मिळाली असती."

"मोजमाप असं नाही बोलत, सैंदूभाई."

"आत्ताच बोललं की."

कुणी हसले नाही. हळूहळू सगळ्यांच्या नजरा एका जागी गेल्या. हुमादी भट्टीच्या तोंडाशी बसला होता, हातात एक फाटी, सारायची की नाही ते विसरल्यासारखा. मागे शान्फीने भिंतीवरची दोरी काढली, खांद्यावर टाकली आणि कड्याच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी हुमादी बेटावरच्या शहरात, मुत्सामुदूला गेला. अर्धी वाट पायी, अर्धी टॅक्सीत पाच जणांत कोंबून. मोइनेशा बेटावर आली की बंदराजवळच्या कचेरीत बसायची. तिने खुर्ची दिली. तो उभाच राहिला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "रोज तसं नसतं. रात्री आंकीली असतो. लाकूड ओलं असतं. दुप्पट जातं. दुपटीहून जास्त. तू परत ये, परत तोल."

मोइनेशाने समोरचे कागद बाजूला सारले. "मला वाटलं होतं," ती म्हणाली. "त्या भेगा बघूनच वाटलं. म्हणून दोनदा विचारलं तुम्हाला."

"हो. विचारलंस."

"सगळ्या गावासमोर सांगितलंत. मी तसं लिहिलं. आता मीच जाऊन दुप्पट आणलं तर तपासणारा काय म्हणेल? भट्टी मिळावी म्हणून लाकूड वाढवलं म्हणेल. मग तो दुसऱ्या भट्ट्यांकडेही तसंच बघेल. साओ तोमे, मालदीव, सगळ्यांचं काम अडकेल. एका गावासाठी मी मोळी सोडू शकत नाही, फुंदी."

"मी अल्लाची शपथ घेतो."

"ती तोलता येत नाही," मोइनेशा म्हणाली आणि लगेच तिला वाईट वाटले. "पुढच्या मोळीत बघू."

"कधी?"

"वर्ष. दीड वर्ष. पण त्या वेळी..." तिने शालीचे टोक बोटाला गुंडाळले. "त्या वेळी भट्टीवर तुम्ही बसू नका."

त्याने घरी येऊन शान्फीला हे सांगितले. दीड वर्ष थांब, म्हणाला.

"दीड वर्ष तो कडा?" शान्फीचा आवाज चढला नाही. "बाबा, तिथून उतरताना मला रोज भीती वाटते. होडीत एकदाच वाटेल."

"मी येतो तुझ्याबरोबर कड्यावर. निम्मं मी उचलतो."

शान्फी त्याच्या वाकड्या पाठीकडे बघून हसला. "तुम्हालाही खाली आणायचं म्हणजे दोन खेपा झाल्या."

ते त्याचे हुमादीशी शेवटचे बोलणे. नंतरच्या आठवड्यात एका सकाळी झालिहाता अंगणात आली ती तशीच उभी राहिली. शान्फीची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती, लाकूड टेकवतात तशी. कुऱ्हाड धार लावून, तेल लावून दाराशी ठेवली होती.

आदल्या रात्री बेटाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून दोन होड्या सुटल्या होत्या. एक पोहोचली. दुसरीबद्दल आधी ऐकू आले की मायोतच्या पोलिसांनी धरली, माणसे कोठडीत आहेत. मग ऐकू आले की ती वेगळी होडी. मग काहीच ऐकू आले नाही. झालिहाता फोन उशाशी घेऊन निजायची. फोन वाजायचा तो मावशीचा असायचा, शेजारणीचा असायचा, "काही कळलं का?" विचारणारा.

मय्यत नाही, त्यामुळे जनाजा नाही. मशिदीतल्या फुंदीने सांगितले, मेला असे ठरवायला आधार पाहिजे, वाट बघ. त्यामुळे तिला इद्दतही, विधवेने पाळायचा तो काळही, पाळता येईना. ती ना विधवा होती ना सवाष्ण. शेजारच्या लग्नाला बोलावायचे की नाही ते बायकांना कळेना. त्या तिच्या घरावरून जाताना आवाज हळू करत.

गावाने हुमादीला तोंडावर फारसे काही म्हटले नाही. सैंदूने त्याला काढले नाही. उंची तेल कुणी उतरवायचे मग? पण "चूल झाका गं" थांबले. तो अंगणात आला की बायका गप्प बसायच्या आणि त्याला लाकूड ओढू द्यायच्या. एकदाच एकजण बोलली. तिचा भाऊ कड्यावर जायचा. "ओढ, फुंदी, ओढ. तुझ्या या एका लाकडावाचूनच तर डोंगर हिरवा व्हायचा राहिलाय." त्यानंतर तो कुणाच्या चुलीपाशी वाकला नाही.

झालिहाताला मुलगी झाली. मुलगी झाली की इथे बाप दगड गोळा करायला लागतो, तिच्या घराच्या पायासाठी. बाप नव्हता. हुमादी भट्टीवरून येताना ओढ्यातून एक दगड उचलून आणायचा. ओढ्यात आता दगडच जास्त होते. तो ते झालिहाताच्या परसात एकावर एक रचायचा, नीट, फट न ठेवता. झालिहाता बघायची. तिने त्याला कधी दोष दिला नाही. जेवायला वाढायची, पाठ चोळून द्यायची. तोलणीच्या त्या एका सकाळबद्दल मात्र दोघांपैकी कुणीच बोलायचे नाही.

पुढची मोळी बांधायला दीड नाही, दोन वर्षे लागली. मोजणीच्या आदल्या दुपारी सैंदू घरी आला. हुमादी दगड लावत होता.

"उद्या माणसं येतायत," सैंदू म्हणाला.

"कळलं."

"तू येऊ नकोस, फुंदी."

"मी नुसता बसेन. हात लावणार नाही."

"नाही बसवणार तुझ्यानं." सैंदूचा आवाज कठोर नव्हता. "आंकीली लाकूड कोंबेल आणि तुझा हात आपोआप पुढे जाईल. तुला कळणारही नाही. माझ्या बापानं तुला म्हणूनच ठेवलं होतं. यात खोटं काही करायचं नाहीये. रोज जे होतं तेच बघू देत. फक्त तू नको."

हुमादीने हातातला दगड बसवला. हलतो का पाहिला. "पाणी उकळेपर्यंत बुडाशी मोठा जाळ नको म्हणावं आंकीलीला," तो म्हणाला. "तांबं पातळ झालंय. भोक पडेल."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी ऊन चढता चढता धूर दिसला. जाड, पांढरट, खोऱ्यावर पसरणारा. हुमादी झालिहाताच्या ओट्यावर बसला होता, नात मांडीवर. त्याला वासावरून कळत होते. ओला फणस. साल न काढलेला. ओंडका अख्खा घातलाय, बाहेरचे टोक नुसते धुमसतेय. आता हंडा खडखडत असेल. त्याचा उजवा हात मांडीवर वळला आणि सुटला, पुन्हा वळला. नातीने त्याचे बोट धरले.

उन्हे कलताना शेजारीण सांगून गेली. मोजणारे खूश होते म्हणे. पहिला हंडा अजून उतरायचा होता, तरी भरपूर लाकूड गेले. भट्टी मिळणार, निश्चित.

झालिहाता चुलीशी होती. कसावा उतरवून ठेवला होता, मटाबाचे, कसाव्याच्या पाल्याच्या कालवणाचे, भांडे झाकून ठेवले होते. चुलीवर काही नव्हते. ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही रोज असंच म्हणालात. का म्हणालात?"

दोन वर्षांत तिने पहिल्यांदा विचारले होते. हुमादीने उत्तर शोधले. आंकीलीची अब्रू होती, गावाची होती. तीही खरी कारणे होती. पण ती त्याने सांगितली नाहीत.

"मला चांगलं म्हणावं म्हणून," तो म्हणाला.

झालिहाताने मान हलवली. मग तिने भिंतीला टेकवलेला ओंडका उचलला, शान्फीने कड्यावरून आणलेल्यांपैकी शेवटचा. दोन वर्षे तो तिने जाळला नव्हता. आता खणखणीत वाळला होता. चिरला असता तर आठवडाभर पुरला असता. तिने तो अख्खा रिकाम्या चुलीत सारला आणि फुंकर घातली.

जाळ धरला, वर चढला, छपराच्या आढ्यापर्यंत उजेड गेला. त्यावर भांडे नव्हते. हुमादी बघत राहिला. त्याचा हात नातीच्या मुठीत होता. त्याने तो सोडवला नाही.